बोयुआनला सुट्टी

बोयुआनचे वर्षश्राद्ध होते. तिळाच्या तेलातली कोंबडी त्याच्या तसबिरीपुढे ठेवून मी विचारले, "आलास का रे, बाळा?" आणि दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की गेलेला माणूस जेवायला आला, असे आम्ही तैवानातल्या तैनान शहरचे लोक मानतो. दोन्ही छापेच पडले. पुन्हा टाकली, पुन्हा तेच.

"कसे येतील, आई?" सून यूछिंग म्हणाली. "तुम्ही त्यांना सुट्टी कुठे देता?"

त्याच्या स्क्रूच्या कारखान्याची परदेशी गिऱ्हाइके तुटू नयेत म्हणून त्याचे जाणे आम्ही बाहेर कळवले नव्हते. माझ्याच आज्ञेवरून यूछिंग रोज सकाळी समाजमाध्यमावर त्याच्या नावाने उद्योजकांना यशाचे धडे देत असे. वाचक वाढतच होते.

"आगाऊपणा पुरे. त्याच्या नावानेच लिही," मी म्हणाले. "मी गेल्या वर्षीच वारलो. आता मला घरी जाऊ द्या."

तिने रडत रडत तेवढेच लिहिले. मी नाणी उचलली, तोच तिच्या फोनवर वाचकांचे प्रतिसाद टणटणू लागले.

"काय म्हणतात? वाच."

यूछिंगने फोन उचलून वाचले. "म्हणतात, 'काय जबरदस्त सुरुवात आहे, साहेब! पुढचं उद्या टाका, वाट बघतोय.'"