किला गेटची हजेरी

संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, तरी किला गेटापाशी म्हातारे शिपाई रोज संध्याकाळी रांगेत उभे राहायचे. नाना हवालदार तोंडपाठ नावं पुकारायचे. जो वारला असेल, त्याच्या वतीने शेजारचा हळू आवाजात 'हजर' म्हणायचा.

पुण्याहून समाजशास्त्राच्या संशोधनासाठी आलेले मुकुंदराव पहिल्या दिवशी कडेला उभे राहिले, तेव्हा नाना हसले. "साहेब, दुरून काय खाक कळणार? आमच्यात या."

मुकुंदरावांनाही तेच हवं होतं. लोकांत मिसळूनच लोक पाहायचे. महिनाभर ते दौलतसिंह नावाच्या शिपायाशेजारी उभे राहिले. चहात, तंबाखूत, थट्टेत सामील झाले.

आज मात्र एकदा सगळं बाहेरून पाहावं म्हणून ते समोरच्या ओट्यावर बसले. रांगेतली त्यांची जागा तशीच मोकळी होती.

नावं सावकाश पुढे सरकत होती. मग नानांनी पुकारलं, "मुकुंदराव!"

हजेरीत त्यांचं नाव आजवर कधी आलं नव्हतं. मुकुंदरावांना आनंदच झाला. "हजर!" ते ओट्यावरून मोठ्याने म्हणाले.

कुणीही वळून पाहिलं नाही. नाना वाट पाहत थांबले होते.

मग मोकळ्या जागेशेजारून दौलतसिंह हळू आवाजात म्हणाले, "हजर."