चौथ्या मजल्यावरचा समुद्र

राजवर्धनचा उजवा हात खांद्यापर्यंत खाऱ्या पाण्यात होता आणि जीव टांगणीला लागला होता. जुन्या टूथब्रशनं तो घरातल्या माशांच्या टँकमधला दगड घासत होता. कालच घासलेला दगड, आज पुन्हा त्यावर हिरवे केस उगवलेले. त्याच दगडाच्या टोकावर एक जांभळं प्रवाळ होतं. चेन्नईहून रेल्वेनं येताना त्यानं ते रात्रभर मांडीवर सांभाळत आणलं होतं. आता त्याचा निम्मा भाग शेवाळाखाली गेला होता. उरलेला निम्मा गेला की संपलंच.

"अहो, जेवण निवतंय," त्याची बायको मोना स्वयंपाकघरातून पुन्हा म्हणाली.

"आलो," तो म्हणाला, आणि आला नाही. त्या घरात हे रोजचंच होतं.

करायचं असं त्यानं काय बाकी ठेवलं होतं? दिव्याची वेळ कमी केली. खिडकीला काळा कागद चिकटवला, त्यामुळं भरदुपारी घरात संध्याकाळ झाली. पाणी बदललं, गोगलगायी आणून सोडल्या. शेवाळ उष्ट्या अन्नावर पोसतं हे त्याला पाठ होतं, म्हणून माशांचं खाणंही तोडत तोडत चिमटीवर आणलं. मासे वाळले, पण शेवाळ सासरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखं फुगतच चाललं. सकाळपासून तो टँकभोवती येरझाऱ्या घालत मोनावर खेकसत होता. काच पुसायच्या फडक्याला साबण होता का? उदबत्तीचा धूर इकडं येतो का? चोर सोडून संन्याशाला फाशी, असा सगळा कारभार.

त्याची आई धोंडुबाई टँकशेजारी जमिनीवर बसली होती. टेबलावर तिला जेवण जात नसे. पुढ्यात ताट, ताटाच्या कडेला मोडून ठेवलेला भाकरीचा तुकडा. तिनं अजून ताटाला हात लावला नव्हता. सारखी चुळबुळ चालली होती.

"पंचगंगेला एवढं गोडं पाणी वाहतंय, आन् तू घरात मीठ कालवत बसलाईस," ती म्हणाली.

"आई, तू जेव."

"तू सर की जरा तितनं."

"कशाला?"

"उगंच."

तेवढ्यात दगडामागच्या कपारीत त्याच्या बोटांना काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. त्यानं ते ओढून काढलं. तळहातावर करडा लगदा आला. नाकाशी नेला, आणि कुजक्या वासातूनही त्याला ओळख पटली. शाळूची भाकरी होती ती. पुन्हा हात घातला, पुन्हा निघाली.

"मोना!" तो असा ओरडला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं.

मोना हातातलं उलथनं तसंच घेऊन धावत आली. लगदा बघून तिनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं, पण सासूच्या भाकरीला नको म्हणायला जायचं कोणी?

"तिला काय इचारतुयास? मीच घातली," धोंडुबाई म्हणाली. तिनं लपवलं असं नव्हतं. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं, समुद्राच्या माशांना भाकरी?"

"गायीचा घास हाय त्यो. गावाकडं नेसरीला दारात गाय हुती, तिला घालून मग जेवत हुतो. हितं चौथ्या मजल्यावर गाय कुठनं आणू? आन् तू ह्यास्नी घालतुयास चिमटीभर. हडकं दिसाय लागली त्यांची. बघवंना, म्हणून एकाचं दोन घास घालाय लागलो."

राजवर्धनच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. तो खाणं तोडत गेला होता आणि ती घास वाढत गेली होती. त्याला आईचा भयंकर राग आला. आपण जगभर कारण शोधत फिरलो आणि काखेतला कळसा दिसला नाही, याचा त्याहून जास्त.

"हे सगळं मरेल, आई! यापुढं पाण्यात एक कण टाकायचा नाही. कळलं?"

"कळलं की." धोंडुबाईनं ताट बाजूला सारलं. "मग ऱ्हाऊ दे."

"अगं, तू जेव ना!"

"कुणाला घातल्याबिगर कसं जेवू? घशाखाली उतरत न्हाय."

"मग मोनाला घाल."

"ती समद्यांचं झाल्यावर जेवती."

"मग मला..." तो बोलता बोलता थांबला.

"तुला?" धोंडुबाईचा आवाज चढला नाही. "तू बसतुयास कवा? ताट घिऊन त्या काचंम्होरं हुबा ऱ्हातुयास. मला नुसती तुझी पाठ दिसती."

त्यानं टँककडं पाहिलं. सगळे मासे एका कोपऱ्यात जमले होते, आईच्या बाजूच्या काचेला तोंडं लावून. आपल्या हाताला बिचकून ते तिकडं पळतात, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. ते तिच्या ताटाकडं बघत होते.

तो आईसमोर खाली मांडी घालून बसला. बाजूला सारलेलं ताट त्यानं मध्ये ओढलं आणि कडेच्या तुकड्याला हात घातला.

धोंडुबाईनं फटकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

"आदी हात धुऊन ये. समदं शेवाळ लागलंया."