पोचल्यावर फोन कर

रिक्षाच्या ॲपसाठी फॉन्ट निवडताना केतकी प्रत्येक फॉन्टमध्ये एकच वाक्य टाइप करून बघत होती: ‘पोचल्यावर फोन कर.’ तिचे वडील, आप्पा, ती निघाली की दारातून हेच ओरडायचे. जाड अक्षरांत आप्पा रागावल्यासारखे वाटत, बारीक अक्षरांत शेवटच्या आजारपणातल्यासारखे थकलेले. अखेर एका गोलसर फॉन्टमध्ये ते अगदी दारात उभे राहून बोलले.

“सर, हा घेऊ या?”

सरांनी वाक्य वाचलं आणि खिशातून फोन काढत ते केबिनबाहेर गेले. काचेपलीकडून त्यांचा आवाज आला, “आई, कालच पोचलो गं. फोन करायचा राहूनच गेला.”

परत येऊन म्हणाले, “हाच घे.”

संध्याकाळी केतकी घरी पोचली. पण ‘पोचले’ म्हणून सांगायला कुणी नसलं, की पोचल्यासारखं वाटतच नाही.