कडेची खुर्ची

आमच्या थिएटरात लागलेल्या हिंदी सिनेमातला बाप गरिबीला कंटाळून रोज चारही खेळांत बायकोपोरांना टाकून पळायचा. तो पळाला की अंधारात मुसमुस सुरू. मी बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवणारी, मला त्याची सवय झालेली. आज मात्र कडेच्या खुर्चीतला माणूस हमसून हमसून रडायला लागला.

“पाणी आणू का?” मी वाकून विचारलं.

“काय नालायक बाप आहे हो!” तो डोळे पुसत म्हणाला. “असल्याला भर चौकात जोड्याने हाणला पाहिजे!”

तो आवाज मी ओळखला. बॅटरी उलटी वळवून स्वतःच्याच तोंडावर धरली.

“तू गेलास तेव्हा रांगणारी आपली धाकटी आता दहावीला आहे,” मी म्हणाले. “ऊठ. चौक बाहेरच आहे.”