हिशेब खातं तळघरात

"पण ऑफिसात माणसं किती?" फोनच्या दुकानात काउंटरवरच्या ओटिसनं पुन्हा विचारलं.

"पाच," लाइल म्हणाला.

"एक," त्याची बायको बर्नी म्हणाली. "मी शाळेत पोरांना जेवण वाढते. मला धरू नको."

ओटिसनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खोकी परत मांडली. हा दोन लाइनींचा. हा चार लाइनींचा, पण भिंतीवर डबा ठोकावा लागतो. ह्याला डबा नको, पण प्रत्येक फोन वेगळा शिकवावा लागतो. हा बिनतारी, पण मधूनच शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं.

"शेजाऱ्यांचं नको," लाइल म्हणाला. "माझंच मला समजेना."

लाइल कोवाल्चिक अमेरिकेतल्या बफेलो शहरात लोकांचे गालिचे धुऊन द्यायचा. एक यंत्र, एक व्हॅन, एक लाइल. थॉर्नबरी कंपनीच्या सात मजली इमारतीतल्या गालिच्यांचं वर्षभराचं काम निघालं होतं, पण 'आम्ही फक्त मोठ्या फर्मशीच बोलतो' असं त्यांच्या बाईनं फोनवर बजावलं होतं. काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर उन्हाळा संपताच बर्नीच्या भावाकडे टायरच्या दुकानात उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं. मेव्हण्यानं लाइलच्या नावाचा शर्टसुद्धा शिवून ठेवला होता.

"डब्यावाला घ्या," ओटिस म्हणाला. "फोन आला की आधी बाई बोलते. हिशेबासाठी एक दाबा, कामगारांसाठी दोन दाबा."

"बाई कोण?"

"ती तुमची तुम्ही भरायची."

दोघांनी बर्नीकडे पाहिलं.

"नाही," बर्नी म्हणाली.

शनिवारी बर्नीनं आवाज भरला. लाइल दिवसभर तारा ओढत होता. कागदावर लाल तार हिरवीला होती, भिंतीत निळी आणि पिवळी निघाली. एक दाबलं की तीन नंबरचा फोन वाजायचा. दोन दाबलं की कामगार विभाग बाथरूममध्ये वाजायचा. रात्रीपर्यंत कसंबसं बसलं. हिशेब खातं तळघरात, यंत्र विभाग गॅरेजमध्ये, मॅनेजर झोपायच्या खोलीत.

"अरे, एका जागी बसून नुसतं बटण दाब ना," बर्नी म्हणाली.

"आणि हिशेबनिसाला मॅनेजरच्या खुर्चीत बसवू? डोक्यावर बसेल तो."

सोमवारी थॉर्नबरीचा फोन आला. लाइल तळघरात नाकातून बोलला, गॅरेजमध्ये दमात बोलला, झोपायच्या खोलीत सावकाश, मोठ्या माणसासारखा बोलला. मध्ये जिन्यात एकदा घसरला. पलीकडूनही त्याला फिरवलं. आधी रिसेप्शनची बाई, मग खरेदीवाला, मग कायदेवाला. खरेदीवाला काहीतरी कुरकुरीत खात होता. कायदेवालाही खात होता.

"सगळ्यांची जेवायची सुट्टी एकाच वेळी," लाइल कौतुकानं बर्नीला म्हणाला. "ह्याला म्हणतात शिस्त."

"शिस्तीचं राहू दे. ठरलं काय?"

लाइल खाली बसला. "गुरुवारी त्यांचा माणूस येणार. ऑफिस बघायला. सगळे विभाग, सगळा स्टाफ."

बर्नीनं हातातला बटाटा ठेवला. "तळघरात काय दाखवणार? कपडे धुवायचं मशीन?"

"बोलिंग खेळणारे मित्र बसवू. स्टॅन हिशेबाला बसेल."

"स्टॅनला घड्याळ कळत नाही, लाइल."

"मग मॅनेजर करू."

बर्नी हसली नाही. लाइल दोन दिवस घरात फिरत राहिला. फोन वाजला की कोण म्हणून उचलायचा तेच त्याला आठवेना. सासूचा फोन आला तर तो नाकातून बोलला. सासूनं त्याला हिशेब विचारला.

बुधवारी सकाळी बर्नीनं डब्याची तार भिंतीतून उपटली. नुसता स्वयंपाकघरातला फोन त्याच्या हातात दिला. "खरं सांगून टाक. टायर तर टायर. निदान तिथे एकच लाइल लागतो."

लाइलनं नंबर फिरवला.

"थॉर्नबरी, नमस्कार," रिसेप्शनची बाई म्हणाली.

"बाई, मी कोवाल्चिक. मला कबूल करायचंय. आमच्याकडे हिशेब खातं नाही."

"हे... खरेदी विभागाला सांगा हं. देते."

"बोला," खरेदीवाला म्हणाला.

"साहेब, हिशेब खातं नाही. कामगारही नाहीत."

"बाप रे. हे कायदेवाल्यांचं काम."

कायदेवाल्यानं सगळं ऐकलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "हे माझ्या हाती नाही. थेट डायरेक्टर साहेबांना देतो."

बर्नी लाइलच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"हं?" डायरेक्टरांचा आवाज जाड होता, विहिरीतून आल्यासारखा.

"साहेब, नाकातून बोलायचा तो मी. गॅरेजवाला मी. मॅनेजर पण मीच. एक यंत्र आहे, ते मात्र चांगलं आहे. गालिचा नव्यासारखा करतो मी, शपथ. पण उद्या माणूस पाठवू नका. दाखवायला माझ्याकडे माणसंच नाहीत. काम गेलं तरी चालेल, मेव्हण्यानं शर्ट शिवलाय."

पलीकडे काहीतरी कुरकुरीत चावता चावता थांबलं.

मग कुणीतरी फोनवर हुंदका द्यावा तसा श्वास सोडला. आणि रिसेप्शनची बाई म्हणाली, "अहो कोवाल्चिक, इथेही मी एकटीच. इमारत तेवढी खरी आहे. पण उद्या तुमच्याकडे तपासायला पाठवायला माणूस कुठून आणू, ह्या काळजीनं सोमवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही."