एका लॅपटॉपवर दोघं

"तुझी आई काय म्हणाली?" लॅपटॉपमधून बाबांनी विचारलं.

"गुडघे आता दुखत नाहीत म्हणाली," मृणालिनीनं सांगितलं. बाबा समाधानानं हसले.

त्या एकाच लॅपटॉपवर तिच्या दिवंगत आईबाबांची मनं दोन वेगळ्या सिस्टिम म्हणून साठवलेली होती. एका वेळी एकच सुरू होई, त्यामुळे गेल्यापासून त्यांची भेट नव्हती. निरोप तीच पोचवायची.

"मिनू," बाबा म्हणाले, "यापुढे मला सुरू करू नकोस. माझा वेळ तिला दे. तिला गप्पा आवडतात."

डोळे पुसत तिनं आईला सुरू केलं. मृणालिनी काही बोलायच्या आतच आई म्हणाली, "माझं बोलून झालं गं. आता त्यांनाच सुरू करत जा. एकटे पडतात ते."

मृणालिनीनं लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडद्यावर दोघांची नावं आली. तिचं बोट कुठल्याच नावाकडे जाईना.