पापडांचे आभार

दुबईला लेकीकडे निघालेल्या वडखळच्या धोंडुबाईंची बॅग विमानतळावर जड भरली. काउंटरवरच्या साहेबाने "मावशी, ही एसटी नाही," म्हणत सगळ्यांदेखत पोह्याचे पापड बाहेर काढायला लावले आणि हळूच स्वतःच्या पिशवीत घातले.

"मी लाटलेले पापड त्यानं लाटले, गुरुजी! कंपनीला पत्र लिवा," परत आल्यावर त्या मला म्हणाल्या.

"तक्रारीला पुरावा लागतो, धोंडुबाई."

"तक्रार नाय ओ, आभार लिवा. त्याचं नाव घालून."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहून दिलं. महिन्याभरात कंपनीने साहेबाला घरी बसवलं.



पत्रात त्याच्या नावाखेरीज एवढंच होतं : "आमचे पापड साहेबांनी प्रेमानं घरी नेले, आभारी आहे. आवडले का, ते त्यांना विचारून कळवा."